गाडी ओढत नाही

जुन्या गाडीची ताकद कमी झाली आहे, ही बातमी मालकाला सगळ्यांत शेवटी कळते. शेजारी बसलेल्या पाहुण्याला ती कात्रजच्या चढावरच कळलेली असते. मागून हॉर्न देणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला त्याच्याही आधी. मालक मात्र सांगत असतो, “हा चढ पहिल्यापासून जरा खडाच आहे.”

यात त्याचं काही खोटं बोलणं नसतं. ताकद एका दिवसात गेली असती तर कोणीही बोंब मारली असती. ती जाते चिमूट-चिमूट, आणि तेवढाच मालकही रोज बदलत जातो. तिसऱ्या गियरमध्ये घेतलं जाणारं वळण तो दुसऱ्यात घ्यायला लागतो. ट्रकला मागे टाकायचा विचार करतो, आरशात बघतो आणि ट्रकच्या मागेच राहतो. ट्रकच्या पाठीवर लिहिलेलं सगळं त्याचं वाचून होतं. घरी आल्यावर म्हणतो, “आता कसली घाई असते आपल्याला?” गाडीचा पिकअप गेला की मालकाला वैराग्य येतं, आणि एकदा वैराग्य आलं की दुरुस्तीवर पैसे कोण घालवतो?

आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे. घरात तिला पद्मिनी कोणी म्हणत नाही, ती ‘फियाट’. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० ची ही भारतीय आवृत्ती तयार व्हायची. पद्मिनी हे नाव तिला सत्तरच्या दशकात मिळालं. लोकांनी ते आरसी बुकात राहू दिलं आणि तोंडात फियाटच ठेवली. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, आणि ताकद चाळीसेक अश्वशक्ती. आजच्या साध्या हॅचबॅकमध्ये याच्या दुप्पट घोडे असतात. त्यातले पाच-सात रजेवर गेले तरी कोणाला पत्ता लागत नाही. आमच्या चाळिसांतले आठ गैरहजर राहिले, की खंबाटकीचा घाट लगेच हजेरी घेतो.

मुंबईत या गाडीचा काळी-पिवळी अवतार संपला. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षांची, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. गाड्या गेल्या त्याची हळहळ बऱ्याच जणांनी व्यक्त केली, पण नुसत्या आवाजावरून हिचं दुखणं ओळखणारे मिस्त्रीही हळूहळू पांगले, याचं दुःख फक्त आम्हा मालकांना आहे. खासगी गाडीला तेवढी सक्तीची निवृत्ती नाही. पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पुन्हा नोंदणी करायची, पर्यावरण कर भरायचा, की पुढची पाच वर्षं मोकळी. त्यामुळे आमची फियाट कागदोपत्री ठणठणीत आहे. कागदाला घाट चढावा लागत नाही.

‘गाडी ओढत नाही’ हे वाक्य सोसायटीच्या आवारात मोठ्याने म्हणून बघा. पार्किंगमध्ये ताबडतोब परिसंवाद भरतो. तळमजल्यावरचे काका पाठीमागे हात बांधून सांगतात, “रिंगा गेल्या. इंजिन कामाला आलं.” दुसरे म्हणतात, पेट्रोलात भेसळ आहे, पंप बदला. तिसऱ्यांकडे ओळखीचा भंगारवाला असतो. एक वहिनी जाता जाता विचारतात, “लिंबू-मिरची कधी बदलली होती?” या सगळ्यांत एक साम्य असतं. बॉनेट कोणीच उघडत नाही. आणि निदान जितकं महाग, तितका सांगणाऱ्याचा मान मोठा. ‘इंजिन उतरवावं लागेल’ या वाक्याला जे वजन आहे ते ‘हँडब्रेक जरा सैल करून बघा’ या वाक्याला कुठलं असायला?

आमचे मिस्त्री या परिसंवादाला कधी आले नसते. पत्र्याच्या शेडमध्ये एका स्टुलावर ते बसतात आणि गाडी आत आली तरी उठत नाहीत. आधी प्रश्न विचारतात.

“ओढत नाही म्हणजे कधी ओढत नाही? सकाळी थंड असताना, का तापल्यावर?”

“दोन्ही वेळेला. तापल्यावर जरा जास्त.”

“चढालाच, का सपाटीलापण?”

“चढाला कळतं.”

“चढाला तर काय, साहेब, सगळ्यांनाच कळतं. सपाटीला ऐंशीच्या पुढे जाते का?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऐंशीच्या पुढे जाण्यात काही अर्थ नाही, असं माझं मत मधल्या काळात तयार झालं होतं.

“बरं, एवढं सांगा. पाय दाबला की इंजिनचा आवाज वाढतो आणि गाडी तिथंच राहते, का आवाजच वाढत नाही?”

हा शेवटचा प्रश्न वरवर साधा वाटतो, पण तो दुखण्याचे सरळ दोन भाग करतो. गाडी ओढत नाही याचा अर्थ एक तर ताकद तयारच होत नाही, नाही तर तयार होते पण चाकापर्यंत पोचत नाही. गावच्या रस्त्याच्या निधीसारखंच आहे हे. निधी मंजूरच झाला नाही, की मंजूर होऊन वाटेत मुरला, हे ठरल्याशिवाय मोर्चा कोणाच्या दारात न्यायचा? काका ज्या रिंगांबद्दल बोलत होते तो मंत्रालयावरचा मोर्चा होता. मिस्त्रींनी चौकशी ग्रामपंचायतीपासून सुरू केली.

पहिला संशय क्लचवर. इंजिन चालू ठेवून, हँडब्रेक घट्ट ओढून, पायाने ब्रेक दाबून त्यांनी चौथा गियर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. क्लच प्लेट धड असेल तर इंजिनला हे ओझं झेपत नाही आणि ते धडकन बंद पडतं. प्लेट घसरत असेल तर क्लच पूर्ण सुटला तरी इंजिन फिरत राहतं आणि थोड्या वेळात जळका वास येतो. आमचं इंजिन बंद पडलं. इंजिन बंद पडल्याचा आनंद होण्याचा असा प्रसंग आयुष्यात क्वचित येतो.

मग ब्रेक. शेडसमोर रस्त्याला जेमतेम लक्षात येईल एवढा उतार आहे. गाडी न्यूट्रलला ठेवून ब्रेक सोडला. गाडीनं स्वतःहून घरंगळायला हवं होतं. ती उभीच राहिली. मिस्त्रींनी मला एक चक्कर मारून यायला सांगितलं, शक्यतो ब्रेक न वापरता, आणि आल्यावर चारही चाकांच्या ड्रमजवळ तळहात नेऊन पाहिला. तीन ड्रम कोमट होते. मागच्या डाव्या ड्रमजवळ हात धरवत नव्हता. हँडब्रेकची वायर गंजून तिथेच अडकली होती, त्यामुळे त्या चाकाचे लायनर ड्रमला सतत घासत होते. इंजिन बिचारं चार माणसं, सामान आणि एक कायम लागलेला ब्रेक असं सगळं ओढत होतं, आणि आम्ही सोसायटीत त्याच्या पिस्टनवर शंका घेत होतो.

वायर साफ करून, वंगण घालून मोकळी केल्यावर गाडी उतारावर आपली आपण निघाली. मला वाटलं, झालं. मिस्त्रींना तसं वाटलं नाही. “एक सापडलं म्हणजे एकच होतं असं नाही,” ते म्हणाले. जुन्या गाडीच्या बाबतीत याहून महत्त्वाचं वाक्य मी ऐकलेलं नाही. नव्या गाडीची ताकद जाते ती बहुतेक एखादी गोष्ट बिघडल्यामुळे. जुन्या गाडीत पाच गोष्टी थोड्या-थोड्या ढिल्या होतात. त्यातली कुठलीही एक स्वतंत्रपणे तपासली तर ‘चालतंय की’ या सदरात मोडते.

त्यांचा दुसरा नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट करायची आणि ट्रायल मारायची. प्लग, पॉइंट, फिल्टर, जेट सगळं एकदम बदललं तर गाडी कदाचित सुधारेल, पण कशामुळे सुधारली ते कळणार नाही. पुढच्या वेळी पुन्हा सगळंच बदलावं लागेल. हा नियम ऐकायला सोपा आहे. तो पाळायला मात्र गिऱ्हाइकाकडे वेळ लागतो आणि मिस्त्रीकडे प्रामाणिकपणा.

आता ताकद तयार होते की नाही ते बघायचं. त्यासाठी लागतात तीन गोष्टी: हवा, पेट्रोल आणि वेळेवर पडणारी ठिणगी. शिवाय हे सगळं दाबून धरणारं कॉम्प्रेशन. यातली हवा सर्वांत स्वस्त, म्हणून आधी हवा. एअर फिल्टर काढून उजेडात धरला. पलीकडचं दिसत होतं. मग पोऱ्याला सीटवर बसवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगितला आणि मिस्त्री कार्बोरेटरच्या तोंडातून आत बघत राहिले. आत एक चकती असते, बटरफ्लाय म्हणतात तिला. पाय पूर्ण दाबला की ती उभी होऊन हवेला सगळा रस्ता मोकळा करते. आमची चकती तिरकी होऊन थांबली होती.

“दाब ना पूर्ण!”

“दाबलाय पूर्ण!”

मिस्त्री आता दारातून आत वाकले. पॅडलच्या खाली काथ्याचं जाड पायपुसणं होतं. पावसाळ्यात चिखल होतो म्हणून घरच्यांनी ते मायेनं अंथरलं होतं. पॅडल त्याच्यावर टेकलं की पायाला वाटे, पोचलो. कार्बोरेटरला वाटे, अजून यायचंय. पायपुसणं उचललं, पॅडलपासून कार्बोरेटरपर्यंत जाणाऱ्या दांड्यांचं झिजलेलं एक बुश बदललं, आणि चकती सरळ उभी राहिली. या दुरुस्तीचं बिल काय लावायचं, हा मिस्त्रींपुढे नैतिक प्रश्न होता. त्यांनी चहा सांगितला.

पुढची ट्रायल बरी झाली, पण तापल्यावर गाडी अजून मंदावत होती. तेव्हा ठिणगीची पाळी आली. डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढली की आत कॉन्टॅक्ट पॉइंट दिसतात. हरभऱ्याच्या डाळीपेक्षाही लहान असे धातूचे दोन ठिपके समोरासमोर असतात. मधोमध चौकोनी दांडा फिरतो. त्याचे कोपरे फायबरच्या एका टाचेला ढकलतात, ठिपके एकमेकांपासून सुटतात, आणि ते सुटतात त्या क्षणी ठिणगी पडते. सुटल्यावर मधली फट अर्धा मिलिमीटरसुद्धा नसते. मिस्त्रींनी टॉर्च मारून दाखवलं. एका ठिपक्यावर बारीक टोक आलं होतं आणि समोरच्यावर तेवढाच खड्डा पडला होता. एकाचा धातू उडून दुसऱ्यावर जाऊन बसला होता. असं दिसलं की कंडेन्सरवर संशय घ्यायचा. फायबरची टाचही झिजली होती. टाच झिजली की फट कमी होते, फट कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी उशिरा पडते. पिस्टन खाली निघून चालला की मागून धक्का येतो. जोर तोच लागतो, पेट्रोल तेवढंच जळतं, पण पिस्टनला ढकलण्याऐवजी बरीचशी उष्णता सायलेन्सरच्या वाटेनं बाहेर जाते आणि इंजिन विनाकारण तापतं.

नवे पॉइंट आणि कंडेन्सर बसवले, फीलर गेजनं फट मोजली, टायमिंग लावलं. टायमिंग पुढे घेतलं की गाडी जोरात पळते म्हणून ते फार पुढे घ्यायचा मोह होतो. मग चढाला इंजिन खडखड ठोकायला लागतं आणि ती ठोक पिस्टनला महागात पडते. रोटर बोटानं थोडा फिरवून सोडला, तर तो स्प्रिंगच्या जोरावर परत जागेवर आला. म्हणजे वेग वाढल्यावर ठिणगी आपोआप लवकर पाडणारी आतली वजनं मोकळी होती. प्लग काढून बघितले. तीन चॉकलेटी, म्हणजे उत्तम. चौथा काळा, कोरडी काजळी धरलेला. काळा आणि कोरडा म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. काळा आणि तेलकट असता, तर मात्र काकांच्या रिंगांना मान द्यावा लागला असता.

पेट्रोलच्या बाबतीत मिस्त्री आता पूर्वीपेक्षा सावध झाले आहेत. २०२५ पासून देशभर पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. आपल्याकडे ते उसापासूनही होतं, म्हणजे पश्चिम महाराष्ट्राचा थोडा ऊस आता टाकीतही जातो. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. नव्या गाडीतला संगणक ते ओळखून जास्त इंधन सोडतो. कार्बोरेटरमधल्या पितळी जेटचं भोक मात्र कारखान्यात पाडलं तेवढंच राहतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. आमच्या पेट्रोल पंपातला डायफ्राम आणि दोन नळ्या मऊ पडल्या होत्या, त्या बदलल्या. जेट काढून हवेनं फुंकले. काही ठिकाणी त्यात क्लचच्या वायरची तार घालून साफ करतात. पितळ मऊ असतं, तारेनं भोक मोठं होतं, आणि पुढे गाडी पेट्रोल पिते म्हणून वेगळी दुरुस्ती सुरू होते. टाकीचं झाकणही बघितलं. त्यातलं हवेचं बारीक छिद्र बुजलं, की टाकीत पोकळी होते आणि गाडी काही किलोमीटरवर गुदमरते. झाकण उघडताना सुस्कारा ऐकू आला तर समजायचं. आमचं झाकण गप्प होतं.

सर्वांत शेवटी कॉम्प्रेशन. चारही प्लग काढून एकेका भोकात गेज लावायचं आणि स्टार्टर मारायचा. आकडा किती यापेक्षा चारही आकडे जवळपास सारखे आहेत का, हे महत्त्वाचं. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजतात. तेलानं आकडा वाढला तर गळती रिंगांतून, नाही वाढला तर व्हॉल्व्हमधून. आमचे चारही आकडे एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसले होते. रिंगा निर्दोष सुटल्या. काकांना मी हे अजून सांगितलेलं नाही. त्यांच्या वयाला निराशा बरी नव्हे.

नंतर आम्ही पाचगणीला गेलो. खंबाटकी चढताना गाडीनं तिसऱ्यात बराच घाट काढला आणि एक ट्रक मागे टाकला. ट्रकच्या पाठीवर काय लिहिलं होतं ते वाचायला वेळ मिळाला नाही. वाईवरून पसरणीचा घाट चढून पुढे महाबळेश्वरला पोचेपर्यंत ती पुन्हा जराशी जड वाटायला लागली. मागच्या सीटवरून ताबडतोब सूचना आली, “मिस्त्रीला फोन करा.” पण तिथे मिस्त्रीचा काही इलाज नव्हता. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. उंचीवर हवा विरळ होते आणि अशा इंजिनची ताकद दर हजार मीटरला दहाएक टक्क्यांनी घटते. चाळीस घोडे वर पोचेपर्यंत पस्तिसाला येतात, अगदी शोरूममधून काल आणलेल्या गाडीचेसुद्धा त्याच हिशेबानं कमी होतात. ताकद कमी होणं हा दर वेळी आजारच असतो असं नाही. कधीकधी आपण फक्त उंचावर आलेलो असतो.

या सगळ्याचं बिल आलं ते पॉइंटचा सेट, कंडेन्सर, एक बुश, डायफ्राम, दोन नळ्या आणि मजुरी एवढंच. इंजिन उतरवलं असतं तर त्याच्या कितीतरी पट खर्च आला असता. इंजिन नव्यासारखं होऊन परत बसलं असतं, आणि हँडब्रेकची वायर अडकलेली व पायपुसणं जागच्या जागी राहिलं असतं.

तेव्हा तुमच्याकडे जुनी गाडी असेल आणि ती ओढत नसेल, तर परिसंवाद भरवू नका. सपाट जागेवर गाडी हातानं ढकलून पाहा, पॅडलखाली काय आहे ते पाहा, पॉइंटची फट मोजून घ्या, प्लगचा रंग बघा. स्वस्त ते आधी, महाग ते शेवटी, आणि एका वेळी एकच. एवढं करूनही ती चढली नाही, तरच इंजिनला हात लावा.